लाकूड फोडायचे यंत्र दमले तर

आगोट जवळ आली की आपल्या कोकणपट्टीत घरोघर लाकडे फोडायची घाई उडते. घरात गॅस आला तरी पडवीतली चूल, न्हाणीचा बंब आणि लग्नकार्याचा स्वयंपाक लाकडावाचून अडतोच. मृग लागायच्या आत सरपण माळ्यावर चढले नाही, तर पुढचे चार महिने ओल्या लाकडांचा धूर घरातल्या बायांच्या डोळ्यांत जातो. म्हणून या वेळी बाकीची पत्रे बाजूला ठेवून एकाच पत्राचे पाहू.

पत्र नवी मुंबईला लागून असलेल्या एका गावचे आहे. १९७० साली सिडको आली, पुढे भातखाचरे संपादनात गेली, आणि या घराकडे उरली ती थोडीशी वाडी. दोघे भाऊ आता वठलेली आणि वाऱ्याने पडलेली झाडे घेऊन, सरपण फोडून आचाऱ्यांना पुरवतात. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडात आंबा, फणस, सुरू अशी झाडे आडवी केली, तेव्हा कुऱ्हाडीने हात सोलून निघाले. त्यानंतर त्यांनी डिझेल इंजिनावर चालणारे हायड्रॉलिक यंत्र घेतले. तक्रार अशी : रिकाम्यात दट्ट्या पूर्वीसारखा चालतो, पण आंब्याची गाठ लागली की तिथेच उभा राहतो. मिस्त्री म्हणतो, पंप बदला. धाकट्याने व्हॉल्व्हचा स्क्रू होता तेवढा आवळून पाहिला, फरक नाही.

शेवटचे वाक्य वाचले आणि पत्राने उत्तर न धाडता आधी फोन केला. म्हटले, स्क्रू आवळलेला असताना यंत्राला हात लावू नका. का, ते पुढे येईल.

आधी यंत्राचा स्वभाव समजून घेऊ. शाळेत पास्कलचा नियम शिकलो : कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. त्यावरच १७९५ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाह याने दाबयंत्राचे पेटंट घेतले. तुमच्या ट्रॅक्टरचा नांगर उचलणारी लिफ्ट त्याच घराण्यातली. दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर त्याचे तोंड सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १७५ किलो असला तर पाचरीवर पावणेचौदा टनांचा रेटा येतो. तोच दाब ६० वर आला की रेटा पावणेपाच टनांच्या आत. इंजिन तेच, तेल तेच, पण गाठ हसत बसते.

एक गोष्ट मनात पक्की करा. दट्ट्याचा वेग ठरतो तेल किती येते त्यावर, आणि जोर ठरतो दाब किती चढतो त्यावर. दट्ट्या रिकाम्यातही रेंगाळत असेल तर तेल कमी येते आहे. टाकी, गाळणी, नळी तिकडे पाहा. रिकाम्यात चालतो पण अडला की थांबतो, तर तेल येते आहे पण कुठून तरी निसटते आहे. बऱ्याच यंत्रांत दोन टप्प्यांचा पंप असतो. ओंडका लागताच तो वेग टाकतो आणि जोर धरतो, तेव्हा गाठीवर दट्ट्या मंदावला म्हणून घाबरू नका.

दुसरी खूण कानाची. दट्ट्या अडला असताना इंजिन कण्हते का? कण्हत असेल आणि व्हॉल्व्हमधून किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर दाब चढतो आहे. पाचर बोथट असेल किंवा ओंडकाच न पेलणारा असेल. इंजिन अगदीच बंद पडायला लागले तर एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर पाहा, किंवा पंपाचा टप्पा बदलत नसेल. आणि इंजिन मजेत फटफटत राहिले, जणू काही घडलेच नाही, तर दाब चढतच नाही. या भावांचे इंजिन मजेत होते.

मी गेलो तेव्हा आधी स्वस्तातल्या गोष्टी पाहिल्या. दट्ट्या आत घेऊन टाकीतले तेल मोजले, पुरेसे होते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरले समजावे. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून हे हमखास होते, आणि असे तेल बदलण्यावाचून इलाज नाही. नुसता फेस असेल तर ओढीच्या नळीतून हवा जाते. पंप घोंगावत असेल तर गाळणी तुंबली आहे, लाकडाच्या भुशात काम करणाऱ्या यंत्राची तर तुंबतेच. यंत्र सकाळी चांगले आणि तापल्यावर दुबळे होत असेल, तर पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून किंवा सीलमधून निसटते. इंजिन आणि पंप यांच्यामधले कपलिंगही पाहावे. त्याची चावी तुटली की इंजिन फिरते आणि पंप झोपतो.

यातले काहीच नव्हते. मग यंत्र बंद करून, दांडा दोन्हीकडे हलवून दाब सोडला आणि दाबाचा गेज बसवला. तो स्क्रू सैल केला, दट्ट्या शेवटापर्यंत नेऊन अडवला आणि गेजकडे पाहत स्क्रू थोडा थोडा आवळला. काटा साठाच्या आसपास चढला आणि तिथेच राहिला. यंत्र बंद करून रिलीफ व्हॉल्व्ह खोलला, तर बसणीखाली पांढऱ्या टेफलॉन टेपचा तुकडा. गेल्या वर्षी नळी बदलताना नळाच्या मिस्त्रीने पाण्याच्या नळाला गुंडाळतात तसा टेप आट्यांवर गुंडाळला होता. त्याची चिंधी तेलाबरोबर फिरत येऊन तिथे अडकली. व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर स्प्रिंग कितीही आवळा, काय होणार?

आणि धोका नेमका इथेच होता. स्क्रू शेवटापर्यंत आवळलेला असताना ती चिंधी आपोआप सुटली असती, तर दाबाला धरबंध उरला नसता. इंजिन बंद पडले तर नशीब, नाहीतर नळी फुटते आणि समोर माणूस असतो. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह खोलण्याआधी स्क्रूचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा, आणि गेज असल्याखेरीज त्याला हात लावू नका.

व्हॉल्व्ह साफ करूनही दाब चढला नसता तर पाळी सिलिंडरच्या सीलची. दट्ट्या पूर्ण बाहेर नेऊन इंजिन बंद करावे, दाब सोडावा, दांड्याच्या बाजूची नळी काढून तिच्या तोंडाला घट्ट बूच बसवावे. मग बाजूला उभे राहून, यंत्र हळू चालवून फक्त बाहेर जाण्याच्या दिशेने दाब द्यावा. उलट दिशेने चुकूनही नको. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून थोडे उरलेले तेल येईल. पण धार लागून राहिली तर सील गेले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांत सील बदलणे, होनिंग करणे ही कामे होतात. तुर्भ्याच्या बाजारात माल घेऊन जाणाऱ्या टेम्पोतच सिलिंडर टाका, जुने सील बरोबर द्या. उरणकडच्या मंडळींना एक सांगतो : खाऱ्या वाऱ्याने दांड्याच्या चकाकीवर गंजाचे खड्डे पडतात आणि तेच नवे सील कापतात. यंत्र उभे करताना दट्ट्या आत घेऊन ठेवा.

गळती हाताने चाचपू नका, बायाबापड्यांनो तुम्हीसुद्धा. नळीच्या सुईएवढ्या भोकातून निघणारी धार कातडीत शिरते. जखम काट्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि आतले मांस सडू लागते. पुठ्ठा पुढे धरून पाहा. तेल शिरलेच तर घरगुती उपाय न करता लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि दाबाचे तेल शिरले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण शस्त्रक्रियेला उशीर झाला तर बोट जाऊ शकते.

टेप काढला, टाकी आणि गाळणी धुतली, नवे तेल भरले, स्क्रू आधी सैल करून गेजवर पाहत १७५ पर्यंत आणला. थोरल्याने तोच आंब्याचा गाठाळ ओंडका पाचरीखाली ठेवला. इंजिन कण्हले आणि ओंडका मधोमध उकलला. पंप बदलायचे पैसे वाचले, ते वहिनींनी माळ्याच्या पत्र्यासाठी ठेवून घेतले आहेत. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक अर्ध्यावर थांबतो अशी दोन पत्रे आली आहेत, ती पुढच्या अंकी घेऊ.