पाद्र्यांचा वाटा नेमका कोणता?

गोसीखुर्दच्या धरणापासून जवळच, वैनगंगेकाठच्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर भव्य बौद्ध स्तूप उजेडात आला. तिथल्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धर्म सांगत फिरणारी माणसे या भूमीला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहेत. तरीही धर्मप्रचार ही परक्यांची आयात आणि म्हणून पाद्र्यांचा देशाच्या उभारणीशी संबंध नाही, असे ठासून सांगितले जाते. हे खोडून काढलेच पाहिजे.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले ते लोकांना ख्रिस्ती करण्यासाठीच. त्यांनी शाळा काढली, गोंडांविषयी मोलाची टिपणे केली, जीवाश्म गोळा केले आणि १८६३ साली टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. माणूस मोठाच, पण स्वतंत्र भारत हे त्यांचे ध्येय नव्हते. मिशनच्या शाळांनी राष्ट्र घडवले, असे म्हणणारेही म्हणून चुकतात.

राष्ट्राचा पाया रचला गेला तो संविधान सभेत, आणि तिथे धर्मगुरू प्रत्यक्ष बसले होते. जेरोम डिसोझा हे जेझुइट पाद्री मद्रासहून आले होते. आसामातून आलेले रेव्हरंड जे. जे. एम. निकोल्स-रॉय खासी समाजातले. ईशान्येच्या आदिवासी भागांसाठी नेमलेल्या बार्दोलोई उपसमितीत राहून त्यांनी डोंगरी लोकांच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला. त्यातून आकाराला आलेल्या संविधानाच्या सहाव्या अनुसूचीने तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदांना जमीन, जंगल आणि रूढी यांविषयी कायदे करण्याचा अधिकार दिला. धरणासाठी गावे सोडावी लागलेल्या वैनगंगाकाठच्या माणसांना या अधिकाराची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दुसरे उदाहरण त्यागाचे. अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, पाद्री नव्हते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द झाल्या, त्याला ख्रिस्ती प्रतिनिधींनी साथ दिली. वेगळा वाटा सोडून त्यांनी समान नागरिकत्व पत्करले.

धर्मप्रचाराचा हक्कही पाद्र्यांनी पदरात पाडून घेतला, असे नाही. ६ डिसेंबर १९४८ च्या चर्चेत लोकनाथ मिश्रांनी त्याला विरोध केला. लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णमाचारी त्याच्या बाजूने उभे राहिले. दोघेही हिंदू.

विरोधकांचा मोठा आधार म्हणजे नियोगी समिती. पवनीचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. नागपूरच्या त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी १९५४ साली ही समिती नेमली. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस तिने १९५६ साली केली. परदेशी पैशाबद्दलची तिची शंका तपासण्याजोगीच होती. मात्र तिच्यावरून निकोल्स-रॉय परके ठरत नाहीत. खुद्द समितीचे अध्यक्ष भवानीशंकर नियोगींनी त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांच्या सोहळ्यात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. संविधानाच्या पंचविसाव्या कलमातल्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा आसरा त्या दिवशी नियोगींना होता, तसाच दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखोंनाही होता.