वाटेत बंद पडणारा ट्रक



घरचा जुना ट्रक हा आपल्या खेड्यांतील कित्येक कुटुंबांच्या चुलीचा आधार असतो. भाजीपाला, ऊस, विटा, जे भाडे मिळेल ते वाहून तो घर चालवितो. असा ट्रक चालता चालता एकाएकी बंद पडू लागला, म्हणजे पैशाची हानी होतेच. परंतु त्याहून वाईट गोष्ट अशी की, घरातील माणसे एकमेकांस दोष देऊ लागतात.

बेळगावकडील एका कुटुंबात असेच घडले. धाकटा भाऊ भाजी भरून चोर्ला घाटाने गोव्यात जाई. घाट चढताना इंजिनाची ताकद हळूहळू कमी होई, ते अडखळे व शेवटी बंद पडे. वीस मिनिटे थांबले की पुन्हा चालू होई आणि काही मैलांवर पुन्हा तोच प्रकार. थोरला म्हणे, ‘‘तुझ्या चालवण्यातच खोट आहे.’’ मेकॅनिकने डिझेल पंप उतरवून दुरुस्तीस पाठविण्यास सांगितले. त्या खर्चासाठी घरातील दागिने गहाण टाकण्याची बोलणी सुरू झाली. पुढे काय निघाले, ते शेवटी सांगतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, जुन्या डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे ठिणगी नसते. कोंडलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. म्हणून चांगले चालणारे इंजिन मध्येच थांबले, तर बहुधा त्याला डिझेल मिळेनासे झाले, असेच समजावे. (१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत संगणक व सेन्सर असतात, त्यांची परीक्षा निराळी.)

दुसरे, इंजिन कसे बंद पडते, हे चालकास नीट विचारावे. दिवा विझवावा तसे ते क्षणात थांबत असेल, तर ज्या पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो, त्याची तार सैल झाली आहे काय, ते पाहावे. खड्ड्यात गाडी आदळताच बंद पडत असेल, तर हा संशय अधिक. उलट, इंजिन धापा टाकीत, अडखळत बंद पडत असेल, तर दोष डिझेलच्या वाटेवर आहे. तापमानाचा काटा वर चढला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी; तेव्हा इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये.

डिझेलची वाट टाकीपासून तपासीत पुढे जावे. स्वस्त वस्तू आधी, महाग वस्तू शेवटी. टाकीच्या तळाशी गाळ साचून आतील जाळी तुंबते. रबरी नळीस बारीक चीर पडली किंवा सांध्यावरील तांब्याचे वायसर झिजले, तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट, बाहेरची हवा आत ओढली जाते. तेथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पावसाळ्यात, विशेषतः टाकी अर्धी रिकामी राहत असल्यास, तिच्यात पाणी धरते. ते फिल्टरच्या तळाच्या स्क्रूतून काढून टाकावे. फिल्टर जुना असेल, तर बदलावा. नंतर फीड पंप पाहावा. जाणत्या मेकॅनिककडून फीड पंपाची नळी टाकीऐवजी स्वच्छ डिझेलच्या डब्यात सोडवून पाहावी. तेवढ्याने इंजिन सुरळीत चालले, तर दोष मागे, टाकीत वा नळीत आहे; न चालले, तर पुढे आहे. एवढ्या एका परीक्षेने अर्धे काम उरकते.

इंजिनाने एअर घेतली असेल, तर फिल्टरवरील स्क्रू सैल करून हाताचा पंप मारावा. बुडबुडे संपून निव्वळ डिझेल येऊ लागले की, ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. परंतु नोझलच्या नळीतून जोराने उडणाऱ्या धारेपुढे हात कधीही धरू नये. ती कातडी भेदून आत शिरते व भयंकर इजा करते.

घाटात इंजिन थांबले, तर घाबरू नये. पॉवर स्टिअरिंग असल्यास ते जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य थोड्याच वेळा पुरते. म्हणून पेडल वारंवार न मारता एकदाच दृढपणे दाबून गाडी कडेला घ्यावी. हँडब्रेक ओढून चढावर पहिला व उतारावर रिव्हर्स गिअर टाकावा, चाकांना दगड लावावेत आणि मागे बऱ्याच अंतरावर धोक्याची खूण ठेवावी.

आता त्या दोघां भावांची गोष्ट. पंप उतरविण्याच्या आदल्या दिवशी ट्रक पुन्हा बंद पडला. डिझेल संपले की काय, हे पाहण्यासाठी धाकट्याने टाकीचे झाकण उघडले, तो ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि लागलीच इंजिन चालू झाले! टाकीतील डिझेल कमी होते तशी तेथे बाहेरची हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक छिद्र असते. जुने झाकण हरवले होते व त्याच्या जागी दुसऱ्या गाडीचे, छिद्र नसलेले झाकण बसविले होते. आत पोकळी होऊन डिझेल पुढे जाईना. थांबल्यावर सांध्यांतून हवा हळूहळू शिरे, म्हणून वीस मिनिटांनी इंजिन चालू होई.

ते झाकण बाजारातून आणले होते थोरल्या भावानेच. योग्य झाकण बसले, दागिने घरातच राहिले. आणि त्या रात्री थोरल्याने धाकट्यास आपल्याशेजारी जेवावयास बसविले. दोन महिने दोघे एका पंक्तीस बसले नव्हते.

तेव्हा वाचकहो, ट्रक बंद पडला तर आधी झाकण उघडून पाहा. चालकाला बोल लावण्याचे नंतर पाहता येईल.