मनगट बदला म्हणे! बॉल बदला की राव..

आधीच सांगून टाकतो, हे क्रिकेटबद्दल नाही. मॉलमध्ये असतं ते, दहा पिना पाडायचं बोलिंग, त्याबद्दल आहे. आणि चिडून लिहिलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

तर मंडळी, बोलिंगमध्ये बॉल सोडायची एक 'योग्य' पद्धत मानतात. हात बॉलच्या मागे, सोडताना बोटांनी वर उचलल्यासारखं करून बाजूने फिरकी. बॉल सुरुवातीला लेनवरच्या तेलावरून घसरतो, पुढे कोरडी लाकडी (आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक) जमीन आली की पकड घेतो आणि वळतो. हा हुक. उजवा खेळाडू असेल तर बॉल पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या फटीत सुमारे ६ अंशांच्या तिरकेपणाने घुसला की बहार. स्वच्छ स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त १, ३, ५ आणि ९ या चारच पिनांना लागतो, बाकीच्या सहा एकमेकींना पाडतात. सुंदर प्रकार आहे, माझं काही म्हणणं नाही.

पण काही लोकांचा हात असा चालतच नाही. त्यांचा तळवा सोडताना बॉलच्या वर जातो आणि मनगट बरणीचं झाकण फिरवावं तसं फिरतं. बॉल गडगडत न जाता जागच्या जागी गरगरत पुढे सरकतो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अनेक वर्षं हा प्रकार शिकवून, घोटून खेळला जातो. त्याला 'हेलिकॉप्टर' किंवा 'यूएफओ' म्हणतात. आपल्याला मात्र दोन्हींपेक्षा जवळचा शब्द आहे: भोवरा.

मी याच जातीचा. आणि या जातीच्या माणसाला कुठेही गेलं तरी दोन सल्ले फुकट मिळतात. एक, 'मनगट सुधारा'. दोन, 'जड बॉल घ्या, वजनाच्या दहा टक्के'. अमेरिकेत ऑनसाइट असताना एका दुकानदाराने माझे चार थ्रो बघितले आणि शांतपणे १५ पौंडांचा, दीड-दोनशे डॉलरवाला रिअॅक्टिव्ह बॉल पुढे ठेवला. म्हणे याने तुमचा हुक येईल. अहो पण मला हुक टाकायचाच नाहीये! (घेतला नाही. दीड-दोनशे डॉलर म्हणजे काय, तेव्हा रोज रुपयांत गुणाकार चालायचा.)

हा सल्ला चुकीचा का, ते भोवऱ्यावरूनच कळेल. भोवरा जमिनीला टेकतो तो आरीच्या टोकावर. कितीही जोरात फिरू दे, टेकलेल्या बिंदूपाशी जमीन जवळजवळ घासलीच जात नाही, म्हणून तो जागेवर उभा राहतो. आपला बॉल तसाच. त्याचा फिरण्याचा अक्ष जवळजवळ उभा असतो, त्यामुळे लेनला लागतं ते तळाचं छोटंसं कडं. हुकवाल्याच्या बॉलचं मोठं वर्तुळ लेनला लागत जातं.

आता रिअॅक्टिव्ह बॉलचे पैसे कशाचे? एक, वरचं आवरण कोरड्या भागावर पकड घेतं. दोन, आतला वेड्यावाकड्या आकाराचा गाभा अक्षाला हळूहळू सरकवतो, म्हणजे प्रत्येक फेरीला बॉलचा नवा, तेल न लागलेला भाग जमिनीवर येतो. या दोन्ही गोष्टी बॉल गडगडत असेल तर कामाच्या. भोवऱ्याला पकड नकोच असते, आणि अक्ष सरकायलाही फारसा वाव नसतो. म्हणजे आपण पैसे मोजायचे अशा इंजिनाचे, जे आपल्या गाडीत सुरूच होणार नाही. शिवाय १२ पौंडांखालच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो भारी गाभा नसतोच, त्या जागी साधा असतो. नाव तेच, किंमत तीच!

मग वजनाचं काय? सगळे बॉल जवळपास एकाच आकाराचे, व्यास साधारण साडेआठ इंच. त्यामुळे १० पौंडांचा (साडेचार किलो) बॉल फिरवायला १५ पौंडांच्या (पावणेसात किलो) बॉलपेक्षा ढोबळमानाने एक तृतीयांश जोर कमी लागतो. उरलेला जोर फिरकीत जातो, मनगटाच्या दुखण्यात नाही. आणि खरी गंमत पिनांपाशी आहे. एक पिन साधारण साडेतीन पौंडांची. १५ पौंडांचा बॉल तिला ढकलून आपल्या वाटेने पुढे जातो. हुकवाल्याला तेच हवं. १० पौंडांचा बॉल आदळला की बाजूला फेकला जातो. हुकवाल्याच्या पुस्तकात हा दोष. पण भोवऱ्याचं सगळं गणितच त्यावर आहे: बॉल बाजूला उडतो, त्याची गरगर पिनांना आडवं फेकते आणि आडव्या पिना बाकीच्यांना झाडूसारख्या लोळवतात. म्हणून तिकडचे स्पिनर १०-११ पौंडांचे बॉल वापरतात. ताकद नाही म्हणून नव्हे, ते त्या पद्धतीचं हत्यार आहे म्हणून.

आता आपल्याकडचा पेच बघा. टीम आउटिंगला गेलात आणि मॉलच्या रॅकवरून हलका बॉल उचललात, तर त्याची भोकं लहान आणि जवळजवळ. का? तर हलका बॉल म्हणजे लहान मुलांचा, असं गृहीत धरून पाडलेली. मोठ्या माणसाचा अंगठा त्यात जात नाही. गेला तर निघत नाही :-) म्हणून भोवरेवाला नाइलाजाने १४ पौंडांचा धोंडा उचलतो, मनगट फिरत नाही, बॉल गटारात जातो आणि सगळे म्हणतात, बघ, तुझी ॲक्शनच चुकीची! आपल्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात. स्क्रीन वाईट आपणच बनवायची आणि खापर युजरवर.

यावर हुकवाले म्हणतील, मग जगातले अव्वल लोक हुकच का टाकतात? मान्य, आज वरच्या पातळीवर हुकचंच राज्य आहे. पण बहुतेक सेंटरमध्ये मध्यभागी जास्त आणि कडेला कमी तेल लावतात, आणि ती रचना हुकवाल्याच्या चुका पोटात घालते. तेल बदललं की बॅगेतून तीन-चार बॉल निघतात. भोवरेवाला त्याच एका प्लास्टिकच्या बॉलने खेळत राहतो, कारण त्याचं तेलावाचून अडत नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी कितीजण जगज्जेते होणार आहेत? महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याला मनगट न दुखता १५० करता आले तर तो खेळात टिकेल. 'सुधारायला' लावलंत तर तो तिसऱ्या वेळी येणारच नाही.

'योग्य पद्धत' ही गोष्ट किती टिकते तेही बघा. जेसन बेलमाँटे ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज गावचा. आईवडिलांचं बोलिंग सेंटर, हा अगदी लहान, बॉल एका हाताने उचलेना, म्हणून दोन हातांनी टाकायला लागला. मोठा झाल्यावरही तसंच. लोकांनी नाकं मुरडली. २००९ मध्ये त्याने पीबीए टूरवर पहिलं विजेतेपद मिळवलं आणि २०१९ मध्ये अकरावी मेजर जिंकून अर्ल अँथनी आणि पीट वेबर यांचा दहाचा विक्रम मोडला. आपल्याकडे तर दाखला आणखी जुना. १९७१ ला ओव्हलवर वाडेकरांच्या संघाकडून ३८ धावांत ६ बळी घेणारा चंद्रशेखरचा हात पोलिओने बारीक झालेला होता. तो हात 'नीट' करायला कुणी निघालं असतं तर?

तेव्हा भोवरेवाल्यांनो, बॉल घेताना एवढंच. १० किंवा ११ पौंड. साधा, कडक प्लास्टिकचा, सगळ्यात स्वस्त मिळेल तो. पैसे वाचतील ते भोकं आपल्या हाताच्या मापाने पाडून घेण्यात घाला, कारण अंगठा सहज सुटला तरच मनगट मोकळं फिरतं. आणि अंगठा न घालता खेळत असाल तर अंगठ्याचं भोक पाडूच नका. अमेरिकेच्या यूएसबीसीच्या नियमानुसार १ ऑगस्ट २०२० पासून बॉलचं प्रत्येक भोक दर थ्रोला पकडीसाठी वापरावंच लागतं.

दुकानदार हसेल. हसू द्या. पिनांना तुमची ॲक्शन दिसत नाही, त्यांना फक्त पडायचं असतं.