बैलाला दुपारची सुटी, कुत्र्याला मात्र डोंगर

अमरावती/अकोला (प्रतिनिधी) : मे महिना लागला की वऱ्हाडातील शहरी कुटुंबांना सातपुडा साद घालू लागतो. अमरावतीकर पहाटे निघून परतवाड्याचा घाट चढतात आणि चिखलदरा गाठतात. अकोलेकर अकोट-शहानूरमार्गे नरनाळ्याकडे वळतात. सकाळी निघायचे, गड-डोंगर पायी पाहायचे आणि सायंकाळी घरी परतायचे, असा हा एका दिवसाचा बेत असतो. अलीकडे या बेतात घरचा एक नवा सदस्य सामील होऊ लागला आहे. तो म्हणजे पमेरियन, पग किंवा शिह त्झू जातीचा लहानसा कुत्रा. घर बंद करून त्याला एकटे ठेववत नाही आणि शेजाऱ्यांवर भार टाकणे प्रशस्त वाटत नाही, म्हणून त्यालाही गाडीत घेतले जाते. हेतू प्रेमाचाच असतो. मात्र वऱ्हाडाचा उन्हाळा आणि मेळघाटचे जंगल या दोन्हींच्या कसोटीवर हे प्रेम तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

हवाच अंगापेक्षा तप्त

येथील उन्हाळ्याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेल्याने अकोला जिल्हा प्रशासनाला कलम १४४ चा आधार घ्यावा लागला होता. कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंख्यांची सोय करण्याचे आणि खासगी शिकवण्या भर दुपारी न घेण्याचे आदेश त्या वेळी देण्यात आले. माणसासाठी ज्या उन्हात जमावबंदीचे कलम वापरावे लागते, त्या उन्हात कुत्र्याचे काय होत असेल, याचा विचार सहसा होत नाही.

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. माणसाप्रमाणे त्याला सर्वांगाला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी प्रामुख्याने पंजांच्या तळव्यांत असतात. अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. भोवतालची हवाच ४५ अंशांची असेल, तर ती त्याच्या अंगापेक्षा अधिक तप्त असते. अशा हवेत शरीर थंड होण्याऐवजी बाहेरची उष्णता शोषू लागते. कुत्रा लहान असेल तर वजनाच्या मानाने त्याच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ही उष्णता आत शिरण्यास वेळ लागत नाही. शिवाय त्याचे पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर असते. सातपुड्याचा काळा पाषाण दुपारी तव्यासारखा तापतो. त्याची धग मालकाच्या बुटांच्या तळव्याला कळत नाही. कुत्र्याला ती पंजांना आणि पोटालाही लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत श्वासमार्गच अरुंद असल्याने धापा टाकण्याचा उपायही अपुरा पडतो.

चिखलदरा थंड हवेचे ठिकाण आहे, हा युक्तिवाद यावर केला जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याची हवा मैदानापेक्षा पाच-सहा अंशांनी कमी असते, हे खरे आहे. परंतु पायथ्याशी ४५ अंश असतील तर माथ्यावर ३९ ते ४० अंश उरतात. माणसाला तो दिलासा वाटतो; कुत्र्याच्या दृष्टीने ती हवा अजूनही त्याच्या अंगाइतकीच तप्त असते.

गाडीपेक्षा चालणे घातक

उन्हात बंद गाडीत कुत्रा ठेवू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचे आढळले. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. मात्र याहून महत्त्वाचा निष्कर्ष ब्रिटनमधील संशोधकांनी २०२० मध्ये मांडला. तेथील पशुवैद्यकीय दवाखान्यांतील २०१६ च्या नोंदी तपासल्या असता, उष्माघाताच्या सुमारे ७४ टक्के प्रकरणांमागे शारीरिक श्रम हे कारण होते. गाडीत अडकल्याने झालेली प्रकरणे ५ टक्क्यांच्या आसपास होती. उष्माघात झालेल्या दर सात कुत्र्यांपैकी साधारण एक दगावला. ब्रिटनसारख्या थंड देशाची ही स्थिती असेल, तर वऱ्हाडाबद्दल वेगळे सांगायला नको.

कुत्रा मालकाच्या मागे चालत राहतो. थकलो म्हणून तक्रार करीत नाही. धाप न थांबणे, घट्ट लाळ गळणे, हिरड्या लालभडक होणे, पाय लटपटणे ही धोक्याची चिन्हे होत. तापमान ४१ अंशांवर गेल्यास जिवावर बेतू शकते. अशा वेळी त्याला तत्काळ सावलीत न्यावे, सर्वांगावर साधे गार पाणी ओतावे आणि सतत वारा घालावा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नये. त्याने उष्णता आतच कोंडली जाते. आधी शरीर थंड करावे, मग दवाखाना गाठावा, हा क्रम महत्त्वाचा आहे. कारण पशुवैद्यकांची स्नातकोत्तर संस्था अकोल्यात आहे, नरनाळ्यावर नाही.

जंगलाची बाजू

प्रश्न एकट्या कुत्र्याच्या जिवाचा नाही. १९७४ मध्ये घोषित झालेला मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. नरनाळा अभयारण्यही त्याच छत्राखाली येते. व्याघ्र प्रकल्पांच्या पर्यटन नियमांत पाळीव प्राण्यांना मज्जाव असतो. अनेकांना हा निव्वळ सरकारी जाच वाटतो. पण त्यामागे कारण आहे.

कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग वन्य मांसभक्षकांना होऊ शकतो. टांझानियातील सेरेंगेटीत १९९४ मध्ये या साथीने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. गुजरातेतील गीरमध्ये २०१८ साली काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, तेव्हा तपासणीत याच विषाणूचे नाव पुढे आले. मेळघाटात वाघ आहेत, बिबटे आहेत आणि कुत्र्याचेच भाऊबंद असलेले रानकुत्रेही आहेत.

उलट धोकाही तितकाच खरा आहे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात (आपले अकोला नव्हे) झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा होता. म्हणजेच पायवाटेवर पुढे पळणारा लहान कुत्रा हा बिबट्यासाठी सवयीचे भक्ष्य ठरू शकतो. अस्वलावर भुंकून घाबरलेला कुत्रा परत मालकाकडेच धावतो आणि अस्वलाला सोबत घेऊन येतो, हेही विसरता येत नाही.

दोन रास्त आक्षेप

"आमच्या कुत्र्याला सर्व लसी दिल्या आहेत", हा पहिला आक्षेप. लस दिलेल्या कुत्र्यापासून रोगाचा धोका कमी असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु नाक्यावरील वनरक्षकाने प्रत्येक गाडीतील लसीकरणाचे कार्ड तपासावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही आणि बिबट्याच्या लेखी लसीला काही अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मेळघाटातील कोरकू गावांत कुत्री आहेतच. मग शहरातील एका पमेरियनने काय बिघडणार? गावातील कुत्री बाराही महिने जंगलाच्या कडेला वावरतात, त्यामुळे रोगाचा मोठा धोका तेथेच आहे. राजस्थानातील रणथंभोरच्या परिसरात तपासलेल्या कुत्र्यांपैकी ८६ टक्क्यांमध्ये डिस्टेंपरची प्रतिपिंडे आढळल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून पर्यटकांच्या कुत्र्यांना अडवून वनविभागाची जबाबदारी संपत नाही. वनालगतच्या गावांतील कुत्र्यांचे लसीकरण सातत्याने झाले, तरच या मज्जावाला नैतिक बळ येईल. मात्र गावचा कुत्रा राखणीसाठी असतो, आपला कुत्रा सहलीसाठी असतो. गरज आणि हौस यांत फरक केलाच पाहिजे.

शहरांनीही विचार करावा

मग कुत्रा पाळणाऱ्यांनी जायचे कुठे? अमरावती व अकोला या दोन्ही महापालिकांनी आपल्या एखाद्या उद्यानाचा कुंपण घातलेला कोपरा पाळीव कुत्र्यांसाठी राखून ठेवला आणि तेथे पाणी व सावलीची व्यवस्था केली, तर अर्धा प्रश्न सुटेल. तोवर उन्हाळ्यात फिरणे सूर्योदयापूर्वी उरकावे. हाताचा पालथा पंजा रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहावा. तो ठेववत नसेल तर कुत्र्याला बाहेर काढू नये. दिवसभराच्या भटकंतीसाठी हिवाळा आणि अभयारण्याबाहेरची वाट निवडावी. वडाळी-पोहऱ्याच्या बाजूलाही बिबट्याचा वावर असल्याने तेथे कुत्र्याच्या गळ्यातील दोरी हातातून सोडू नये. घरातील सर्वांनाच सहलीला जायचे असेल, तर एका दिवसासाठी नातेवाइकांना विनंती करण्यात कमीपणा मानू नये.

या संदर्भात एका जुन्या नियमाची आठवण होते. ओझे वाहणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार, तापमान ३७ अंशांवर असेल त्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत बैलाला कामाला जुंपता येत नाही. नियम ठाऊक असो वा नसो, वऱ्हाडातील शेतकरी ऊन चढण्यापूर्वी औत सोडतो आणि बैल झाडाखाली बांधतो. घरच्या कुत्र्यासाठी असा कोणताही नियम नाही. त्याच्यासाठी दुपार केव्हा झाली, हे त्याच्या मालकालाच ओळखावे लागेल. शेतकऱ्याला जे बैलाबाबत कळते, ते शहरातील सुशिक्षितांना कुत्र्याबाबत कळू नये, असे मुळीच नाही.