महाग तारेतून सूर गोड येत नाही

कापड घेताना आपण ते बोटांत धरून पाहतो, आंबा घेताना वास घेतो. पण टीव्हीची किंवा म्युझिक सिस्टीमची केबल घ्यायची वेळ आली की दुकानदार म्हणेल ते खरं मानतो. कळत नाही ना, मग महागातली घेतलेली बरी, असा हिशेब. त्यात सोन्याचा मुलामा, जाड वेणीदार तार आणि खोक्यावर मोठमोठी इंग्रजी अक्षरं असली की पाकीट आपोआप उघडतं. माझं स्पष्ट मत आहे की घरातल्या डिजिटल केबलवर जास्तीचे पैसे घालणं ही निव्वळ फिजूलखर्ची आहे.

भाषेच्या शिक्षकाने यात का पडावं, असं कोणी विचारेल. भाषा आधी कानात जाते आणि मग जिभेवर येते, म्हणून. उर्दूतला 'क' आणि 'क़', 'ख' आणि 'ख़' यांतला फरक पुस्तकातून कितीही समजावला, तरी तो नीट ऐकू आल्याशिवाय मुलांच्या तोंडी बसत नाही. मराठीत तर 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जगणे'तला 'जग' एकाच अक्षरांनी लिहितात. उच्चाराचा भेद फक्त कानाला कळतो. बेगम अख्तर यांच्या आवाजाची ती प्रसिद्ध पत्ती किंवा भीमसेनजींच्या अभंगामागचा तानपुरा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर अर्धाच पोहोचतो. चांगलं ऐकणं ही श्रीमंतांची चैन नाही.

आता घरोघरची अडचण पाहा. जुन्या टीव्हीला मागे आवाज बाहेर काढायची लाल-पांढरी भोकं असत. नव्या पातळ टीव्हींत ती बहुधा नसतात. त्यांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद अस्पष्ट येतात आणि घरातली वडीलधारी माणसं आवाज वाढवत राहतात. दुकानात गेलं की सल्ला मिळतो: 'जुना ॲम्प्लिफायर भंगारात घाला, नवा साउंडबार घ्या.' वीस वर्षांपूर्वी पै-पै जमवून घेतलेले धडधाकट स्पीकर असे कवडीमोलाने जातात. खरं तर मधे एक छोटी डबी लावली की काम होतं. टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून निघणारा डिजिटल आवाज ती जुन्या लाल-पांढऱ्या वायरींवर आणून देते. या डबीला डॅक म्हणतात. साधी डबी हजाराच्या आत मिळते.

डिजिटल केबलमधून जातं काय? आकडे. सीडीवर प्रत्येक बाजूच्या आवाजाची सेकंदाला 44,100 वेळा नोंद असते आणि प्रत्येक नोंद 16 बिटांची. केबल ही नोंद फक्त पोहोचवते. वर्गात हजेरी घेताना मुलाने 'सतरा' हळू म्हटलं काय किंवा जोरात म्हटलं काय, वहीत सतराच लिहिलं जातं. ऐकूच आलं नाही तर जागा रिकामी राहते. डिजिटल केबलचंही तसंच. ती चालते तेव्हा पूर्ण चालते. बिघडली की आवाज तुटतो, कडकड होतो किंवा बंद पडतो. तिच्यामुळे गाणं थोडं कमी गोड झालं, असं होत नाही. जाणकार मंडळी आकड्यांच्या वेळेतल्या सूक्ष्म चढउताराचा, म्हणजे जिटरचा, मुद्दा काढतात. तो चढउतार असतो, पण आजचे डॅक तो बराचसा सावरून घेतात. शंका असेल तर मुलाला न सांगता केबल बदलायला लावा आणि कान लावून ओळखून दाखवा.

ऑप्टिकल केबल, म्हणजे टॉसलिंक, 1983 मध्ये तोशिबाने आणली. तिच्यातून वीज नव्हे तर प्रकाश जातो. म्हणून तिच्या टोकावर सोन्याचा मुलामा फक्त शोभेचा. उलट तिचा एक खरा फायदा आहे: दोन यंत्रांत विजेचा जोड राहत नाही, त्यामुळे त्या जोडातून येणारी घरघर थांबते. तिला घडी घालू नका आणि टोकांवरची प्लास्टिकची टोपी काढायला विसरू नका. कोॲक्सियल सॉकेट असेल तर 75 ओहमची तार लागते. जुन्या डीव्हीडी प्लेअरची व्हिडिओची पिवळी तार त्याच मापाची असते, तिच्यावर काम भागतं. घरात पडलेलीच वापरा.

डॅक घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. पहिलं, दिशा पाहा. डिजिटलवरून ॲनालॉग करणारी डबी आणि उलट काम करणारी डबी दिसायला सारख्याच असतात, पण एकीचं काम दुसरी करत नाही. दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवा. स्वस्त डब्यांना डॉल्बीचा सांकेतिक आवाज उलगडता येत नाही, मग नुसती खरखर येते किंवा काहीच येत नाही, आणि आपण चांगली डबी परत करून बसतो. तिसरं, मोबाइलसाठी टाइप-सीची पिन घेत असाल तर आत डॅक आहे का ते विचारा. काही पिनांत नुसती तार असते, आणि अनेक नवे फोन त्या सॉकेटमधून ॲनालॉग आवाज देतच नाहीत. दुकानातच आपल्या फोनला लावून ऐका. आणि '192 किलोहर्ट्झ'च्या आकड्याला भुलू नका. माणसाचा कान जेमतेम 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीचा दर तेवढ्याला पुरतो. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या मुशायऱ्यात जे नाहीच, ते कोणतीही डबी निर्माण करू शकत नाही.

डॅकपासून पुढे जी लाल-पांढरी तार जाते, तिथे थोडी काळजी रास्त आहे. तो ॲनालॉग आवाज असतो, त्यात बाहेरची गुणगुण मिसळते. तार आखूड घ्या, पिना घट्ट बसतात का पाहा, विजेच्या वायरीपासून दूर ठेवा. एवढ्यालाही हजारो रुपये लागत नाहीत.

वाचलेले पैसे स्पीकरवर किंवा हेडफोनवर घाला, कारण आवाजातला खरा फरक तिथे पडतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे स्पीकर कपाटावरून खाली, कानाच्या उंचीवर आणा आणि कोपऱ्यातून थोडे पुढे ओढा. त्याला एक पैसाही लागत नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बातम्या पुन्हा नीट कळू लागतात.