जनरलसाहेब बराकीत परत जात नाहीत

परवा चहाच्या टपरीवर आमच्याच मोहल्ल्यातला एक शिकलेला तरुण म्हणाला, “सगळ्या पुढाऱ्यांना घरी बसवा आणि पाच वर्षे देश लष्कराकडे द्या. सगळे सरळ होतील.” चार जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. ती चूक होती, म्हणून आज लिहितो आहे.

इजिप्तने हे करून पाहिले आहे. २०१२ मध्ये मोहम्मद मुर्सी लोकांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी चुका केल्या. आपले आदेश न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारे फर्मानही त्यांनी काढले. ३० जून २०१३ ला रस्त्यावर उतरलेल्यांचा राग खोटा नव्हता. पण मुर्सींना मतपेटीने हटवले नाही, लष्कराने हटवले. ३ जुलैला जनरल सीसी यांनी राज्यघटना स्थगित केली, तेव्हा अल-अझहरचे शेख, कॉप्टिक चर्चचे पोप आणि उदारमतवादी अल-बरादेई तिथे हजर होते.

१४ ऑगस्टला राबिआ चौकातले मुर्सी समर्थकांचे धरणे गोळ्या घालून मोडले गेले. ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ माणसे मारली गेली. मग इतरांची पाळी आली. मुर्सींच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ‘६ एप्रिल चळवळी’चे अहमद माहेर त्याच डिसेंबरात तुरुंगात गेले, २०१४ मध्ये चळवळीवरच बंदी आली. सीसी राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१९ मध्ये घटना बदलून त्यांनी आपली मुदत वाढवून घेतली.

राबिआसाठी आपण हळहळलो. पण आपल्यातलेच काही जण जनरल झिया-उल-हक यांचे नाव आदराने घेतात, कारण त्यांनी इस्लामी कायद्यांची भाषा केली. जुलै १९७७ मध्ये पाकिस्तानचे सरकार पाडताना त्यांनी ९० दिवसांत निवडणुका घेण्याचे वचन दिले होते. पुढे ११ वर्षे, मरेपर्यंत, ते सत्तेवर राहिले. मुर्सींच्या वेळी बंड जुलूम आणि झियांच्या वेळी खिदमत? इन्साफाचा तराजू असा नसतो.

सरहद्दीवर उभ्या असलेल्या सैनिकाबद्दल माझी तक्रार नाही. तो निवडून आलेल्या सरकारच्या हुकमात राहतो, म्हणूनच त्याचा मान आहे. सरकार वाईट असेल तर मोर्चा काढा, न्यायालयात जा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, मतदार यादीत आपल्या गल्लीतली नावे आहेत का ते तपासा. हे काम सावकाश होते, हे मलाही कळते.

पण आपण अल्पसंख्य आहोत. आपल्या हाती मत आहे, न्यायालय आहे आणि राज्यघटना आहे. घटना स्थगित झाली की सर्वांत आधी उघड्यावर आपणच पडणार. त्या तरुणाला मी आता एवढेच विचारणार आहे: जनरलसाहेबांनी तुझ्या भावाला रात्री उचलून नेले, तर सकाळी तू दाद कुणाकडे मागशील?