मेळ म्हणजे बरोबरी नव्हे

हेडफोनचा इम्पीडन्स जितका अधिक तितका तो हेडफोन उंची, असा समज हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत पसरला आहे. दुसरा समज असा कीं, संगणकाचा व हेडफोनचा आंकडा समान असला म्हणजे मेळ जमला. आमच्या मतें हे दोन्ही समज भ्रामक असून त्यांपायीं पालकांचा पैसा व्यर्थ जातो.

इम्पीडन्स म्हणजे ध्वनीच्या विद्युत्प्रवाहास होणारा विरोध. तो ओहममध्यें मोजतात. संगणकाकडून एक व्होल्ट दाब मिळाला, तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारें ३१ मिलिवॅट शक्ति मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनला अवघी ३.३. सेनहायझरचा नामांकित एचडी ६०० हा ३०० ओहमचाच आहे. तो साध्या संगणकास जोडून आवाज क्षीण आला, तर दोष कोणाचाच नव्हे. जोडी मात्र विजोड. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा न्याय येथेंहि लागू पडतो.

आतां बरोबरीविषयीं. टेलिफोनच्या जुन्या तारांत दोन्ही टोंकांस ६०० ओहम राखण्याची रीत होती. हेडफोनचें तसें नाहीं. संगणकाचा स्वतःचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या अष्टमांशाहून अधिक नसावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे ३२ ओहमला ४ ओहमपर्यंत. पुष्कळ हेडफोनांचा विरोध सुरागणिक बदलतो. म्हणून संगणकाचा विरोध मोठा असल्यास कांहीं सूर फुगतात व कांहीं दबतात.

मग अधिक ओहमचे हेडफोन टाकाऊ काय? मुळींच नाहीं. अ‍ॅपलच्या २०२१ सालच्या मॅकबुक प्रो संगणकांत १५० ओहम व त्यावरील हेडफोनला ३ व्होल्टपर्यंत दाब आपोआप मिळतो. परंतु अशी सोय घरीं नसतां केवळ आंकड्याला भुलणें शहाणपणाचें नव्हे.

कमी ओहमचा हेडफोन मात्र पुष्कळदां सहज मोठा वाजतो. मुलांनीं ७५ डेसिबलचा आवाज आठवड्यांत ४० तासांहून अधिक ऐकूं नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पैसा पुन्हा मिळवितां येतो. गेलेली श्रवणशक्ति येत नाहीं.

ओहमचा नियम आम्ही वर्गांत शिकवितों, विद्यार्थी तो परीक्षेंत लिहितात. दुकानांत पैसे मोजण्यापूर्वीं तोच आठवून, हेडफोन आपल्या संगणकास लावून पाहावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.